तांबड्यांत एक हिरवा

९ जानेवारी

लेकीने पार्सल पाठवलं. उघडलं तर मेटल डिटेक्टर. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, कानाला लावायला हेडफोन. चकती जमिनीवरून फिरवत जायचं, खाली धातू असला की टुंई करतं. फोनवर म्हणाली, "बाबा, रिटायर झालेली माणसं हल्ली हेच करतात. चालणं होतं, शिवाय काय काय सापडतं." मी म्हटलं, माझं काही हरवलेलं नाही. तशी "आईला दे" म्हणाली.

हिने फोन स्वयंपाकघरात नेला. हळू बोललं की भिंतीपलीकडे ऐकू जात नाही, असा हिचा समज आहे. "खुर्चीतून उठतच नाहीत गं. जेवायलासुद्धा तीन हाका माराव्या लागतात." उगाच बोभाटा. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये उभा राहिलो. आता जरा बसलो तर कोणाचं काय बिघडलं?

संध्याकाळी सहज सेल घालायची जागा उघडून पाहिली. पेन्सिल सेल! चार! माझ्या ताब्यात दोन खोल्या भरून बॅटऱ्या होत्या, एकेक कमरेएवढी. शहराची वीज जायची, पण फोन एकदाही मुका झाला नाही. त्या माणसाच्या हाती हे चार चिमुकले सेल म्हणजे हत्ती सांभाळलेल्या माहुताला मांजराचं पिल्लू दिल्यासारखं आहे. मात्र सेल चार्ज होणारे आहेत, सोबत चार्जरही आहे. तेवढं एक बरं केलं पोरीने.

१५ जानेवारी

फजिती झाली. एक्स्चेंजात बॅटरी कायम चार्जरला जोडलेली असते. रात्रंदिवस, बारा महिने. ती सवय. मी सेल चार्जरवर लावले आणि तिथेच राहू दिले. आज हात लावला तर चटका बसला. यंत्रात घातले तर मैदानाच्या फाटकापर्यंत जायच्या आत राम म्हणाले.

कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेलो. त्याने सेल हातात घेऊन वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, हे सेल म्हणजे पाहुणे. पोट भरलं की पानावरून उठवायचे. तुम्ही आठवडाभर वाढत बसलात."

नवे आठ घेतले. चारांचे दोन संच. हिच्या ड्रॉवरमधून नखं रंगवायच्या बाटल्या काढल्या आणि एका संचाला तांबडा ठिपका दिला, दुसऱ्याला हिरवा. नियमही ठरवले. तांबडे तांबड्यांतच, हिरवे हिरव्यांतच. दोन संच कधी मिसळायचे नाहीत, कारण चारांत एक दमलेला असला की बाकीचे तिघं त्याला फरफटत नेतात आणि तो कायमचा बाद होतो. सकाळी चार्ज करायचे, दिवा हिरवा झाला की काढायचे, गार झाल्यावर डबीत ठेवायचे. दुपारी जेवून झोपायच्या आधी यंत्रात घालायचे, म्हणजे उठून चहा घेतला की निघायला मोकळा.

ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, माझा तांबडा रंग संपवलात." पण रागावलेली दिसली नाही. उलट हसत होती. बायकांचं काही कळत नाही.

२२ जानेवारी

रोज मागच्या मैदानावर जातो. आतापर्यंतची कमाई म्हणजे बाटल्यांची बुचं, गंजके खिळे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी. टुंई झालं की छातीत धडधडतं, गुडघे मोडून खाली बसायचं, खुरप्याने उकरायचं आणि बूच काढायचं. येणारी-जाणारी माणसं बघतात. एकाने विचारलं, "पाइपलाइन फुटली का?"

घरी येऊन हिला सांगितलं, "आठवडाभर बघतो. नाहीतर यंत्र परत पाठवून देतो. खुर्ची काही वाईट नव्हती."

ही भाजी चिरत होती. सुरी थांबली. "आठवडाभर?" एवढंच म्हणाली.

२५ जानेवारी

सापडलं! पितळेचं झाकण! जेमतेम बोटभर खोल होतं, फाटकाच्या आतल्या बाजूला. काल त्याच जागेवरून चकती फिरवली होती तेव्हा काही वाजलं नव्हतं. जमीन वर-खाली होत असते, हे खरंच असावं. घासून पुसून टेबलावर ठेवलं. आपल्याकडे पूर्वी डब्याला असंच होतं, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "असतात सगळीकडे." आणि मग इतक्या कौतुकाने झाकणाकडे बघत बसली, की मलाच लाजल्यासारखं झालं.

रात्री भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

१ फेब्रुवारी

दिवस चांगले चाललेत. एक नक्षीचा चमचा. एक घुंगरू. आणि काल तर किल्ली! गंमत म्हणून माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेला लावून पाहिली, तर कुलूप उघडलं! ट्रंकेची आपली किल्ली कुठे गेली विचारलं तर ही म्हणाली, "असेल इथेच." पूर्वीचे लोक कुलपं किती एकसारखी बनवत, याचा मला अचंबा वाटला. लेकीला फोनवर हे सगळं सविस्तर सांगितलं. तिला खोकला झालेला दिसतो. बोलताना सारखी थांबत होती.

हिचंही बरं चाललंय. दुपारी मी झोपलो की कुंड्यांचं काम करते म्हणते. चपला मातीने भरलेल्या असतात. कुंड्या मात्र होत्या तशाच दिसतात.

५ फेब्रुवारी

सेलांनी दगा द्यायला सुरुवात केली आहे. सकाळी पूर्ण भरलेले, मीटर लावून तपासलेले, दुपारी यंत्रात घातलेले. आणि संध्याकाळी मैदानावर पोहोचतो तोच यंत्र रडू लागतं. हिरव्यांचं तेच, तांबड्यांचं तेच.

प्रयोग केला. चार्ज केलेला संच नुसता डबीत ठेवला तर दुसऱ्या दिवशीही भरलेला राहतो. म्हणजे सेल निर्दोष आहेत. मग यंत्रच बंद असताना चोरून वीज पितं की काय? हिला समजावून सांगितलं. हिने फार लक्ष देऊन ऐकलं. "मग आता काय करणार तुम्ही?" म्हणाली. यंत्र तपासायला नेणार म्हटल्यावर, "कशाला उगाच? चालतंय ना?" चालतंय कुठे? तेच तर सांगतोय.

८ फेब्रुवारी

रेडिओवाल्याने यंत्र उघडलं, तारा लावल्या, बंद केलं. "काका, यंत्र चोख आहे. बंद असताना काडीची वीज खात नाही. घरात दुसरं कोणी वापरतं का?"

मी हसलो. म्हटलं, घरात आम्ही दोघंच. आणि हिच्या हातात टीव्हीचा रिमोट दिला तरी उलटा धरते.

हा विनोद घरी येऊन हिला सांगितला. हिच्या हातून पळी पडली. हल्ली दमते बिचारी. दुपारी थोडं पडत जा म्हटलं, तर म्हणाली, "दुपारी मला बरं असतं."

१२ फेब्रुवारी

हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

आज यंत्र मध्येच बंद पडलं म्हणून झाकण उघडलं. तांबडे सेल घातले होते. आत तीन तांबडे आणि एक हिरवा. घरी येऊन डबी पाहिली तर तिच्यात तीन हिरवे आणि एक तांबडा.

मी घातले होते. दुपारी, माझ्या हाताने. चष्मा लावून. चार तांबडे घातल्याचं मला डोळ्यांसमोर दिसतंय. पण मग हे कोणी केलं? बॅटरी रूममध्ये मी अंधारातसुद्धा कधी चुकीच्या वायरला हात लावला नाही.

माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. मग पगाराच्या दिवशी ऑफिसला निघाले, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली असताना. ते शपथेवर सांगायचे, मी असं केलंच नाही. आम्ही हसायचो. आणि शेवटी एकदा मला पाणी देताना म्हणाले, "आपण कोणाकडे आलात?"

म्हणजे सेल संपत नव्हते. मीच अर्धवट चार्ज करत असणार आणि केले असं समजत असणार. सगळं जुळतंय.

१३ फेब्रुवारी

बाहेर गेलो नाही. खुर्चीत बसलो होतो.

१६ फेब्रुवारी

ही बाजारात गेलेली बघून विस्मरणाच्या डॉक्टरांना फोन केला. २४ तारीख मिळाली. हिला सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. नक्की कळेपर्यंत तरी नाही. हिने बाबांचं सगळं केलेलं आहे. पुन्हा तेच ताट हिच्यापुढे कोणत्या तोंडाने ठेवू?

जेवताना एवढंच म्हणालो, "यंत्र परत पाठवतोय. कंटाळा आला."

हिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "एकदाच जा. उद्या. माझ्यासाठी. त्या मोडक्या बाकाजवळ बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. तिथे काय असणार आहे?

१७ फेब्रुवारी

सोन्याचं कानातलं! एकच आहे, पण भरीव, मध्ये बारीक लाल खडा. मोडक्या बाकाच्या पायाशी. हिचं अंतर्ज्ञान दांडगं म्हणायचं.

क्षणभर सगळं विसरलो, डॉक्टर, हिरवा सेल, सगळं. धावत घरी आलो. ही दारातच होती, जणू वाट बघत. "अगंबाई! किती छान! आता नाही ना पाठवणार परत?" मी म्हटलं, अगं, छान काय? कोणाचं तरी हरवलंय. घरी बिचारी रडत असेल. तिचं तिला मिळायला हवं.

"म्हणजे?" ही म्हणाली.

म्हणजे काय म्हणजे? लगेच कागद घेतला. 'स्त्रियांच्या वापरातील एक दागिना सापडला आहे. मालकिणीने खूण पटवून घेऊन जावा.' खाली पत्ता. मैदानाच्या फाटकावर एक लावला, वाण्याच्या दुकानात एक. ही पाठोपाठ वाण्यापर्यंत आली. "अहो, नोटीस कशाला? अहो, ऐका तरी." हिचं मन मोहात पडलं असावं. मी रागावलो नाही. सोन्यापुढे भल्याभल्यांचं होतं.

२० फेब्रुवारी

घराला कचेरीचं रूप आलंय. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे दावेदार. तीन प्रश्न ठरवले आहेत: कोणता दागिना, कुठे हरवला, विशेष खूण कोणती. शिंपीणबाई बांगडी म्हणाल्या. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही दाखवा, मी लगेच ओळखते." वा! एकींना काहीच हरवलेलं नव्हतं, पण बसून तासभर नवऱ्याच्या तक्रारी सांगून गेल्या. त्या मी शांतपणे ऐकून घेतल्या.

बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. कोण काय म्हणालं, मला सगळं आठवतंय. कोणत्या बाईने कोणत्या रंगाची पिशवी आणली होती तेसुद्धा. पण हे काही खरं नाही. बाबांनाही जुन्या गाड्यांचे नंबर शेवटपर्यंत पाठ होते.

ही प्रत्येक दावेदाराला चहा देते आणि आत जाऊन कपाळाला हात लावते. हे मी आरशातून पाहिलं.

२२ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो, कारण हे जसं झालं तसंच लिहिलं गेलं पाहिजे.

सकाळी मी म्हणालो, कोणी खरी मालकीण येत नाही, तेव्हा उद्या कानातलं पोलीस चौकीत जमा करून टाकतो. हिने पदर खोचला, चपला घातल्या आणि बाहेर गेली. मला वाटलं, भाजीला. दोन मिनिटांनी बेल वाजली. दार उघडलं तर हीच उभी.

"नोटीस वाचून आलेय," म्हणाली.

आत येऊन सरळ दावेदारांच्या खुर्चीवर बसली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी माझ्या जागेवर बसलो आणि सवयीने विचारलं, "कोणता दागिना?"

"कानातलं. सोन्याचं. मध्ये लाल खडा. माझ्या आईचं."

"कुठे हरवलं?"

"हरवलं नाही. मोडक्या बाकाजवळ पुरलं. मीच."

"विशेष खूण?"

"मळसूत्र मूळचं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुटलं, तेव्हा एका माणसाने बॅटरी रूममधल्या तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून बसवून दिलं होतं. 'सोनाराकडे कशाला जायचं' म्हणाला होता."

मी कानातलं उलटं करून पाहिलं. तांब्याची तार. पीळ माझाच होता.

मग हिचा बांध फुटला. झाकण हिने पुरलेलं. चमचा हिने पुरलेला. घुंगरू हिने आणि किल्लीसुद्धा. "ट्रंकेचं कुलूप उघडलं तेव्हा वाटलं, आता कळणार! तरी तुम्हाला कळलं नाही! मी आत तोंडात पदर कोंबून हसले. तुम्ही झोपलात की यंत्र घेऊन जायची. वस्तू पुरल्यावर वाजते का ते बघायला नको? फार खोल गेली तर तुम्हाला मिळायची नाही. आणि त्या चमच्याने तर जीव घेतला. पुरला कुठे तेच विसरले, तास-तासभर मैदान पालथं घातलं. रागवा हवं तर. पण तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसलात ना, तर मला बघवणार नाही. मागच्या वर्षभरात तुम्ही माझ्याशी किती बोललात, सांगू का?"

ती बोलत होती आणि मला त्यातलं एकच ऐकायचं होतं. मी विचारलं, "तो हिरवा सेल?"

"कुठला हिरवा?"

"तांबड्यांत. तीन तांबडे आणि एक हिरवा."

"तो होय! यंत्र मध्येच रडायला लागलं, म्हणून घरी येऊन तुमच्या डबीतला एक घातला. एकच. आमच्या घरी टॉर्चमधला एक बदलला की चालायचं. का? यात चालत नाही का?"

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. टेबलावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. ही घाबरली. उठून माझ्या बाजूला आली, पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, "अहो, नाही हो, ते घुंगरू बहुतेक मैदानातलंच असेल. खरंच. ते मी पुरलं की नाही, मला नक्की आठवत नाही." माझे सगळे शोध खोटे निघाले याचं मला दुःख झालं, असं हिला वाटत होतं. शोध गेले खड्ड्यात. माझं डोकं शाबूत होतं!

मग मी सांगितलं. सेलांचं, बाबांचं, २४ तारखेचं.

ऐकता ऐकता हिचा हात पाठीवर थांबला. मला वाटलं, आता जवळ घेईल. कुठलं काय. असा भडका उडाला, की शेजाऱ्यांनी खिडकी उघडली. "दहा दिवस एकटे हे घेऊन बसलात? मला सांगितलं नाहीत? मी कोण आहे या घरात, भाडेकरू? विसरले मी आणि डॉक्टर गाठलात तुम्ही!"

मी चाचरत म्हणालो, "पण तुझं कानातलंसुद्धा मी ओळखलं नाही. मीच दुरुस्त केलेलं. याचं काय?"

"त्याला विसरणं म्हणत नाहीत," ही म्हणाली. "विसरायला आधी बघितलेलं असावं लागतं. इतक्या वर्षांत माझ्या कानांकडे कधी बघितलंत तुम्ही?"

आता ही आत भांडी आपटते आहे. चांगलीच रागावली आहे. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

निघण्याआधी दोन ओळी लिहितो. डॉक्टरांची वेळ रद्द करूया म्हटलं, तर हिने ठाम नकार दिला. "वेळ मिळालीय तर दाखवून येऊ. काही निघालं तर दोघांना एकदमच कळेल." काय निघेल ते निघो. आज भीती वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, पण परवापर्यंत वाटायची तशी वाटत नाही.

ही आरशासमोर तयार होते आहे. दोन्ही कानातली आज घातली. मान एका बाजूला कलती करून, ओठ दाबून मळसूत्र फिरवायची हिची एक तऱ्हा आहे. डाव्या कानाच्या पाळीवर बारीक तीळ आहे. मी दारात उभा राहून बघत होतो.

"काय बघताय?" तिने आरशातूनच विचारलं.

"पाठ करतोय."

तिने मळसूत्राचा शेवटचा फेरा दिला. "मग आधी चष्मा लावा."